अंजनगावच्या अलीकडली प्रार्थना

अमरावती
३ नोव्हेंबर २०२४

रश्मी,

वर 'प्रभूत सलाम' लिहावं तर तू म्हणशील, ढोंग. आमच्या पद्धतीने काही लिहावं तर म्हणशील, ह्यांचं सुरू झालं. म्हणून नुसतं नाव. फोन तू उचलत नाहीस. पत्राचं एक बरं असतं, न वाचता फाडायचं म्हटलं तरी दोन हात लागतात आणि तेवढ्यात एखादी ओळ डोळ्यांखालून जातेच.

काल मृतांचा दिवस होता. आमच्या कबरस्तानात तीच गर्दी, तोच मेणाचा वास, जो तुला पंचवीस वर्षांत कधी सहन झाला नाही. दरवर्षी तू माझ्या आईबापासाठी आणलेली झेंडूची फुलं घेऊन फाटकाबाहेर उभी राहायचीस आणि कोणी विचारलं की सांगायचीस, "आमच्यात नाही करत." तुमच्या प्रोटेस्टंट मंडळीचं बरं आहे. माणूस गेला की फाइल बंद. आम्हा कॅथलिकांकडे मात्र अर्ज चालूच राहतात.

यंदा मी प्रीतमचं नाव मिस्सेच्या यादीत दिलं. फादरांनी दोनशे अकरा नावं वाचली, त्यात आपला मुलगा एकशे चौथा. त्याच्या आधी एक स्टेशन मास्तर आणि नंतर त्याच्याच शाळेतल्या गणिताच्या बाई. शेवटची दोन वर्षं पोरगा ना तुझ्या उपासनेला आला, ना माझ्या मिस्सेला. आणि आला तर बसवला कुठे, गणिताच्या बाईंच्या शेजारी. चोवीस वर्षांचा होता तरी त्यांना बघून रस्ता बदलायचा.

हसू आलं मला. मग बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं.

दुपारी तुझ्या भावाचा फोन आला. शांतवनभाऊ बिचारे दोन्ही बाजूंनी मार खाणारा माणूस, त्यांच्यावर चिडू नकोस. ते म्हणाले की मागच्या रविवारी अकोल्याला पाळकांनी मृतांसाठी प्रार्थना करणं कसं वचनाविरुद्ध आहे यावर उपदेश केला. मग साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा तू भर मंडळीत उभी राहिलीस आणि म्हणालीस, "यंदा दहा मार्चला मी माझ्या मेलेल्या मुलासाठी प्रार्थना केली. मला माहीत नव्हतं. ती प्रार्थना मी परत घेते."

रश्मी, प्रार्थना परत घेता येते हे मला ठाऊक नव्हतं. साडी परत घेतात, तीही घडी मोडली नसेल तर.

परत घ्यायचंच असेल तर माझं खोटं घे. त्या दिवशी प्रीतमच्या कामावरच्या गजेंद्रने फोनवर मला सांगितलं होतं ते मी तुला सांगितलं नाही, कबूल. पण सांगतो कोण? वऱ्हाडात आजपर्यंत फोनवर कोणी मेलेला आहे का? सगळे 'सिरीयस' असतात. माझे वडील सिरीयस होते तेव्हा त्यांना जाऊन पाच तास झाले होते. तुझी आई सिरीयस होती तेव्हा बर्फ आणायला माणूस निघाला होता. रीतच आहे ती. मी रीत पाळली, एवढंच.

देवमन


अमरावती
२८ नोव्हेंबर

रश्मी,

शांतवनभाऊ म्हणतात, तू पत्र फाडलं नाहीस, शिवणाच्या डब्यात ठेवलंस. मला एवढंही पुरतं. म्हणून पुढचं लिहितो.

मी त्या दिवसाबद्दल तुझ्याशी एकदाही बोललो नाही. जूनमध्ये तू बॅग भरलीस तेव्हाही नाही. ज्याने वीस वर्षं दर रविवारी पेपरात सदर लिहून गावातल्या प्रत्येकाची उडवली, त्याला स्वतःच्या बायकोशी चार वाक्यं जुळवता आली नाहीत. सदर मार्चपासून बंद आहे. वाचकांनी चौकशी केली नाही, तेही बरंच झालं. गर्व उतरला.

आपण अकोल्याला शांतवनभाऊंच्या घरी जेवायला आलो होतो. साडेचारला फोन आला. पावणेपाचला निघालो. भाऊ गाडी चालवत होते, मी त्यांच्या शेजारी, तू मागे एकटी. अकोट येईपर्यंत तू मनातल्या मनात प्रार्थना करत होतीस. अकोट सुटल्यावर मोठ्याने करायला लागलीस.

तुझी प्रार्थना मी पंचवीस वर्षं ऐकतो आहे. आमच्या फादरांसारखी ती पुस्तकातली नसते. भाजीवाल्याशी बोलल्यासारखी असते. हे दे, ते नको, हे कालच्यासारखं शिळं देऊ नको. तू म्हणालीस, प्रभू, त्याला वाचव. त्याच्या डाव्या पायात दहावीतला रॉड आहे, तो पाय सांभाळ. त्याला तहान लवकर लागते, पाणी दे. तो लहानपणापासून एकटा झोपत नाही, त्याच्याजवळ कोणाला तरी बसव. आणि अंजनगावच्या अलीकडे, पेट्रोल पंप ओलांडला तेव्हा, तू म्हणालीस, "प्रभू, त्याच्या तोंडावर ऊन येऊ देऊ नको."

मी समोर बघत होतो. पावणेसात वाजले होते. सूर्य बुडून वीस मिनिटं झाली होती, भाऊंनी गाडीचे दिवे लावले होते. मला वाटलं, कसल्या उन्हाचं बोलतेय ही? डोक्यावर परिणाम झाला की काय?

मी मागे वळून पाहिलं नाही. वळलो असतो तर माझ्या तोंडावर तुला सगळं वाचता आलं असतं.

मग परतवाड्याच्या दवाखान्यात गजेंद्र पुढे आला. तो बिचारा प्रीतमबरोबर सेमाडोहला जंगलाच्या मोजणीचं काम करायचा, सरळ माणूस. तू त्याला विचारलंस, शुद्धीवर आहे का. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काकू, मी काकाले तवाच सांगतलं होतं. पावनेचारलेच गेला तो." तू माझ्याकडे वळलीस. रडली नाहीस. म्हणालीस, "तीन घंटे तुमी मले देवासमोर खुळी करून बसवलं."

त्यानंतर तू माझ्याशी घरातल्या सामानाएवढंच बोललीस.

मी खोटं का बोललो, ते सांगतो. मागच्या पत्रातलं रीतीचं कारण अर्धंच होतं. तुझं बीपी. गाडीत काही झालं असतं तर रस्त्यात दवाखाना कुठे शोधला असता? हे कारण खरं आहे.

आता दुसरी गोष्ट. तुझी ती साक्ष मी आमच्या फादरांना सांगितली. मला वाटलं होतं, खूश होतील, प्रोटेस्टंट बाई कशी चुकली म्हणून. ते खूश झाले नाहीत. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "देवमनजी, पावणेसात तुमच्या घड्याळात वाजले होते. देवाकडे काल नसतो, उद्या नसतो. त्याला सगळं एकदमच समोर असतं. दुपारी तो मुलगा रस्त्यावर पडला होता तेव्हा त्याच्या आईचा संध्याकाळचा आवाज देवाच्या कानात होताच."

मी म्हणालो, ही तर पळवाट झाली. पण मग घरी येताना मला माझं सदर आठवलं. मी ते गुरुवारी लिहायचो आणि लिहायचो, 'आज सकाळी तुम्ही चहा पिता पिता हे वाचताय, बशीत बिस्किट बुडालंय.' गुरुवारी ते खोटं असायचं. रविवारी घरोघरी बिस्किट बुडायचं. माझ्यासारख्या फुटकळ माणसाला गुरुवारी बसून रविवारचं लिहिता येतं, तर ज्याने दोन्ही वार केले त्याला संध्याकाळचं मागणं दुपारी ऐकता येऊ नये?

म्हणजे बघ, तू मेलेल्या मुलासाठी प्रार्थना केलीच नाहीस. जिवंत मुलासाठी केलीस, फक्त उशिरा. तुझ्या पाळकांना हे सांग. वचनाला कुठेही धक्का लागत नाही.

तू विचारशील, मग तो वाचला का नाही? मीही फादरांना हेच विचारलं. ते गप्प बसले. ते गप्प बसले म्हणूनच मला बाकीचं थोडंफार पटलं. त्यांनी त्यावरही उत्तर दिलं असतं तर मी उठून आलो असतो.

देवमन


अमरावती
६ जानेवारी २०२५

रश्मी,

नाताळ झाला. घरात करंज्या झाल्या नाहीत. शेजारच्या प्राजक्ताने तिच्या दिवाळीतली शिल्लक शेव आणून दिली, कडक झालेली. मी ती पंचवीस तारखेला एकट्याने खाल्ली, दाताखाली आवाज करत, म्हणजे घरात काहीतरी वाजेल.

तुझ्याकडून काही आलं नाही. येईल असं वाटत होतं. त्या बिस्किटाच्या उपमेवर मी जरा खूश होतो, खरं सांगतो. कॉलम लिहिणाऱ्याची खोड. पोराच्या मरणातही वाक्य नीट बसलं की आधी त्याला बरं वाटतं.

तेव्हा आता वाक्य न बसवता लिहितो. बीपीचं खोटं होतं.

गजेंद्रचा फोन आला तेव्हा मी शांतवनभाऊंच्या मागच्या अंगणात हात धुत होतो. तो म्हणाला, "काका, प्रीतम गेला." पुन्हा म्हणाला, म्हणजे मला पहिल्यांदा ऐकू आलं नाही असं त्याला वाटलं. तू दारातून येत होतीस, हातात खरकटी ताटं होती. नळापासून दारापर्यंत पाच पावलं. त्या पाच पावलांत माझ्या डोक्यात बीपी नव्हतं, रीत नव्हती. एकच गोष्ट होती. 'गेला' म्हटलं की ही खाली बसेल आणि या क्षणापासून त्याच्यासाठी देवाकडे काहीही मागणार नाही. कारण तिच्या धर्मात आता मागण्यासारखं काही उरलेलं नाही. दार लागलं. एकदा मरण, मग न्याय.

माझ्या धर्मात मागता येतं. शुद्धिस्थान आहे, मिस्सा आहे, मेणबत्ती आहे, दोन नोव्हेंबर आहे. पण रश्मी, ते सगळं छापील. तुझ्यासारखं मागणारं आमच्या अख्ख्या धर्मप्रांतात कोणी नाही. मला वाटलं, माझ्या पोरासाठी कोणीतरी असं एकदा मागावं. छापील नको. त्याच्या रॉडसकट, त्याच्या तहानेसकट. म्हणून मी म्हणालो, सिरीयस आहे, प्रार्थना कर.

तुला मी खुळी केलं नाही. भीक मागितली. पण तोंड उघडून मागितली नाही. तुझ्याकडून तुझ्या नकळत ते काढून घेतलं. खुळी केलं म्हणालीस ते त्यापेक्षा सौम्यच होतं.

आणि आता शेवटचं, जे मी फादरांकडे पापकबुलीतही सांगितलं नाही. त्या तीन तासांत मी एक शब्दही प्रार्थना केली नाही. सुरुवात केली होती. 'हे आमच्या स्वर्गातील बापा' एवढं म्हणालो आणि पुढचं येईना. लहानपणापासून पाठ. भाऊंच्या डॅशबोर्डवर बोट फिरवत बसलो. ज्याला माहीत होतं त्याची जीभ टाळ्याला चिकटली होती आणि जिला माहीत नव्हतं ती मागे बसून पोराला सावली मागत होती.

म्हणजे त्या दिवशी त्याच्या नावावर जी काही होती ती एकच प्रार्थना होती. तुझी. ती तू परत घेतलीस तर त्याच्यापाशी काही राहत नाही. माझ्याकडून आलेलं काही नाहीच.

पंचनाम्यात एक शब्द आहे, 'एकटाच'. मोटारसायकलवर एकटाच होता, असं त्या जमादाराला म्हणायचं असेल. मी दहा महिने तो शब्द धरून बसलो आहे. अडीचला पडला, पावणेचारला गेला. सव्वा तास. एकटाच.

ती साक्ष मागे घे, रश्मी. मंडळीत उभी राहू नकोस, मोठ्याने बोलू नकोस. शिवता शिवता मनात म्हण, तेवढं पुरे.

देवमन


अमरावती
१२ मार्च २०२५

रश्मी,

परवा वर्ष झालं. मी सेमाडोहला गेलो होतो.

जायचं नव्हतं. वर्षभर परतवाड्याच्या पुढे गेलो नाही. पण घरात बसून साडेचार वाजायची वाट बघणंही होईना. गजेंद्र मला परतवाड्याच्या स्टँडवर घ्यायला आला. घाटात त्याने एका वळणावर गाडी थांबवली आणि हात करून जागा दाखवली. मी उतरलो. साग उघडा पडलेला, सगळीकडे वाळलेली पानं, डोक्यावर ऊन. सावली म्हणून कुठे नाही.

मग तो म्हणाला, "काका, त्या बाईले भेटाचं का?"

मी म्हणालो, कोणती बाई?

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीच वेडा. "जिनं जीप थांबवली ते. प्रीतमपाशी बसून होती ना ते. तुमाले सांगतलं होतं मी दवाखान्यात."

सांगितलं असेल. दवाखान्यात मला कोणी काय सांगितलं त्यातलं मला काहीही आठवत नाही. 'एकटाच' तेवढं आठवतं, कारण ते लिहिलेलं होतं.

फुलमती तिचं नाव. कोरकू आदिवासी. वय माझ्याएवढं असेल नाहीतर दहा वर्षं कमी. त्या दिवशी बहिणीच्या गावाहून पायी परत येत होती. वळणावर गाडी पडलेली पाहिली, मग हा दिसला. ती थोडं हिंदी बोलते, थोडं आपल्यासारखं, बाकी गजेंद्र सांगत होता. तिने त्याला हलवलं नाही, भीती वाटली म्हणाली. शेजारी बसली. तिच्याजवळ पाण्याची प्लास्टिकची बाटली होती, टोपणाने तीन वेळा पाणी पाजलं. तिसऱ्या वेळी पाणी आत गेलं नाही. त्याआधी त्याने तिला विचारलं, किती वाजले? तिच्याकडे घड्याळ नव्हतं. ती म्हणाली, सांजेला वेळ आहे बाबा.

आणि त्याच्या तोंडावर ऊन येत होतं, म्हणून तिने आपला पदर दोन्ही हातांनी वर धरला.

हे ती सांगत होती तेव्हा मी तिच्या अंगणात बाजेवर बसलो होतो. मी वाकून बाजेची दोरी धरली. गजेंद्रला वाटलं, ऊन लागलं. त्याने माझ्या डोक्यावर पाणी घातलं.

रश्मी, मी चमत्कार म्हणत नाही. चमत्कारांची मी माझ्या सदरात इतकी टिंगल केली आहे की आता माझ्याच दारात एखादा आला तर त्यालाही आत यायला लाज वाटेल. बाई त्या रस्त्याने जातच होती. माणूस पडलेला दिसला की बसतं माणूस, बाटली असली की पाणी देतं. तू मागितलेलं मुख्य जे, ते मिळालंच नाही. डावा पाय रॉडसकट मोडला होता. आठ-दहा गोष्टी तू मागितल्या असतील, त्यातल्या तीन. मार्क द्यायचे तर नापासच.

पण अंजनगावच्या अलीकडे, अंधार पडत असताना, तू ऊन येऊ देऊ नको म्हणालीस. ते मागणं पावणेसातला कुणाच्याच कामाचं नव्हतं. ते फक्त तीन वाजता कामाचं होतं.

मी एवढंच लिहितो. याच्यापुढे मला कळत नाही.

फुलमतीला मी काय देणार? तुझी शाल नेली होती, ती निळी, जी तू जूनमध्ये नेली नाहीस. न विचारता दिली. रागव.

देवमन


अमरावती
९ एप्रिल

रश्मी,

पोस्टकार्ड मिळालं. पोस्टमनने आधी वाचलं असणार. मला देताना म्हणाला, "साहेब, यात जास्ती काही लिहेल नाही."

वर नाव नाही, खाली सही नाही, सलाम नाही. मधोमध तुझ्या अक्षरात, 'किती वेळ धरला होता?'

मी विचारलं नव्हतं. बघ, मला ते सुचलंच नाही. मी बाप, मी टोपणाचा रंग विचारला, जीप कोणती होती ते विचारलं. किती वेळ, ते आईच विचारू जाणे. मी लगेच गजेंद्रला फोन केला. तिकडे रेंज नसते, तो बाजाराच्या दिवशी तिच्या गावाला गेला आणि काल परत आल्यावर मला सांगितलं.

ते सांगण्याआधी एक. वीस तारखेला ईस्टर आहे. तुमच्यासारखीच आमचीही पहाटेची उपासना कबरस्तानात असते. त्याच्या कबरीवर दगड अजून बसवलेला नाही, त्यावर काय लिहायचं ते मी एकट्याने ठरवणार नाही. मी आत थांबेन. तुला फाटकाबाहेरच उभं राहायचं असलं तरी ये. फुलं या वेळी मी धरतो.

आता तुझं उत्तर.

जीप यायला उशीर झाला. पहिल्या दोन गाड्या थांबल्या नाहीत. गजेंद्रने हिशोब लावला, ती बसल्यापासून जीप येईपर्यंत दीड तासाच्या वरच झाला. मधे हात भरून आले की ती एका हाताने धरायची, मग दुसऱ्या.

गजेंद्र म्हणाला, पण तो त पावनेचारलेच गेला होता ना. ती म्हणाली, हो, तिला कळलं होतं, पाणी बाहेर आलं तेव्हाच.

त्याने विचारलं, मग त्यानंतर कायले धरला पदर?

तिला तो प्रश्नच कळला नाही. त्याने पुन्हा विचारला. तेव्हा ती त्याच्याकडे, आपण एखाद्या बिनडोक माणसाकडे बघतो तशी बघत म्हणाली,

"ऊन त होतंच ना."

देवमन